हुकूम न आलेली पहाट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, चित्रपट दाखविल्यानंतर दुसऱ्या दिवशी झालेले भाषण)



काल रात्री याच सभागृहात आपण सर्वांनी मिळून एक नॉर्वेजियन चित्रपट पाहिला. त्याचे मूळ नाव ‘कोंगेन्स नेई’, म्हणजे ‘राजाचा नकार’. इंग्रजीत तो ‘द किंग्ज चॉइस’ या नावाने ओळखला जातो. एरिक पोप्पे यांनी दिग्दर्शित केलेला हा सुमारे सव्वादोन तासांचा चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला. पडद्याखालची इंग्रजी अक्षरे वाचता वाचता वरचे चित्र निसटून जात होते, अशी पुष्कळ वडीलधाऱ्यांची आणि भगिनींची तक्रार आज सकाळी फराळाच्या वेळी कानी आली. तेव्हा चिटणीसांनी मला आज्ञा केली की, त्यातील कथाभाग चार शब्दांत सर्वांना समजावून सांगावा. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे, की नाट्यचित्रकलेचा जाणकारही नव्हे. उभे आयुष्य पाटबंधारे खात्यात काढलेला एक निवृत्त इंजिनियर आहे. तथापि या कथेतील एका प्रसंगाने माझी कालची झोप उडविली. त्याचे कारणही मी शेवटी सांगणार आहे.

कथा १९४० सालच्या एप्रिल महिन्यातील तीन दिवसांची आहे. नॉर्वे त्या वेळी सुमारे तीस लाख वस्तीचा, तटस्थ आणि शांतताप्रिय देश होता. पहिल्या महायुद्धात तो तटस्थ राहिला होता आणि दुसऱ्यातही तसेच राहावे अशी त्याची इच्छा होती. परंतु स्वीडनमधील लोखंडाचे खनिज नॉर्वेच्या नार्विक बंदरातून जर्मनीकडे जात असे. हिवाळ्यात इतर पाणी गोठले तरी हे बंदर खुले राही. त्यामुळे इंग्लंड आणि जर्मनी या दोघांचीही दृष्टी या किनाऱ्यावर होती. ८ एप्रिल रोजी इंग्रजांनी नॉर्वेच्या पाण्यात सुरुंग पेरल्याचे जाहीर केले, आणि ९ एप्रिलच्या पहाटे जर्मनीने डेन्मार्क व नॉर्वे या दोन्ही देशांवर एकाच वेळी आक्रमण केले.

आता आपण त्या पहाटेच्या काळोखात शिरू. राजधानी ओस्लो ही समुद्रापासून आत, एका लांबच लांब खाडीच्या टोकाशी वसलेली आहे. शहराच्या दक्षिणेस सुमारे ३० किलोमीटरांवर ड्रोबाक या गावापाशी ही खाडी अत्यंत चिंचोळी होते. त्या चिंचोळ्या जागी एका बेटावर ओस्कार्सबोर्ग नावाचा किल्ला आहे. आपल्या कोकणात वाघोटन खाडीच्या मुखाशी विजयदुर्ग उभा आहे, तो डोळ्यांपुढे आणला म्हणजे अशा किल्ल्याचे प्रयोजन ध्यानात येईल. ओस्कार्सबोर्गच्या पश्चिमेकडील पाण्यात एकोणिसाव्या शतकातच दगडांचा बुडीत बांध घालून ठेवला होता, जेणेकरून मोठ्या जहाजास किल्ल्याच्या पूर्वेकडील अरुंद वाटेनेच, तोफांच्या तोंडासमोरून, जावे लागेल.

पण तोफा कशा? १८९३ साली बसविलेल्या, २८ सेंटिमीटर व्यासाच्या तीन प्रचंड तोफा. त्याही जर्मनीतील क्रुप कारखान्यात घडविलेल्या. सैनिकांनी त्यांना बायबलमधील नावे दिली होती: मोझेस, आरन आणि जोशुआ. जहाजातून उतरविताना एक तोफ पाण्यात पडली आणि ती वर काढावी लागली, म्हणून पाण्यातून वाचलेल्या मोझेसचे नाव तिला मिळाले, असे सांगतात. एकेका गोळ्याचे वजन सुमारे २५५ किलो. या तोफा भरण्यास इतका वेळ लागे की, समोरून जाणाऱ्या जहाजावर प्रत्येकीने एकच गोळा टाकता यावा. पलीकडच्या लहान बेटावर कातळाच्या पोटात पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, सोडण्याची गुप्त व्यवस्था होती. पण ते पाणतीरही सुमारे चाळीस वर्षांचे जुने होते.

माणसांची स्थिती याहून अवघड होती. किल्ल्यावरील बहुतेक मुले अवघ्या आठवड्यापूर्वी भरती झालेली होती. तोफा चालविण्याचे शिक्षण मिळालेले लोक एका तोफेस जेमतेम पुरतील इतकेच. किल्लेदाराने ते दोन तोफांमध्ये वाटले आणि उरलेल्या जागी ही नवशिकी मुले व मुदपाकखान्यातील स्वयंपाकीसुद्धा उभे केले. तिसरी तोफ माणसांवाचून तशीच राहिली. पाणतीरांच्या ठाण्याचा अधिकारी आजारी असल्यामुळे, ड्रोबाक गावात राहणारे आरमारातील निवृत्त अधिकारी आंद्रेआस आन्देर्सेन यांना त्या रात्री बोलावून घेण्यात आले.

या किल्ल्याचा सेनापती होता कर्नल बिर्गर एरिक्सन. वय ६४, निवृत्तीस अवघे काही महिने उरलेले. आपल्यापैकी ज्यांनी नोकरी केली आहे, त्यांना निवृत्तीपूर्वीचे हे महिने कसे असतात हे सांगावयास नको. माणूस फंडाचा आणि पेन्शनचा हिशेब करीत असतो, आणि आता आपल्या हातून काही वेडेवाकडे होऊ नये एवढीच त्याची प्रार्थना असते.

मध्यरात्रीच्या सुमारास बातमी आली की, खाडीच्या मुखाशी परक्या युद्धनौका शिरल्या आहेत. बाहेरच्या किल्ल्यांनी इशाऱ्याचे बार काढले. जहाजे थांबली नाहीत. पहाऱ्यावरील ‘पोल ३’ या छोट्या नौकेने त्यांना अडविण्याचा प्रयत्न केला, आणि त्या चकमकीत तिचा कप्तान लाइफ वेल्डिंग-ओल्सेन प्राणास मुकला. या युद्धात लढताना पडलेला तो पहिला नॉर्वेजियन. परंतु जहाजे कोणाची, हे एरिक्सनला कळले नव्हते. जर्मन असतील, आदल्याच दिवशी सुरुंग पेरणारे इंग्रजही असू शकतील. शत्रू कोण हेच ठाऊक नाही, देश तटस्थ आहे, युद्ध पुकारलेले नाही आणि वरिष्ठांकडून स्पष्ट हुकूमही नाही. तटस्थतेचा नियम सांगतो की, प्रथम इशारा द्यावा. आणि समोर तर अशी वेळ की, इशाऱ्यासाठी एक गोळा खर्च केला तर उरणार एकच.

बंधुभगिनींनो, माझ्या मते कालच्या चित्रपटाचा सारा कस या ठिकाणी आहे. हा प्रसंग चित्रपटात थोडाच वेळ दिसतो. एरिक हिव्यू या नटाने रंगविलेला वृद्ध सेनापती तेथे मोठी भाषणे करीत नाही. एक भारदस्त माणूस काळोखाकडे पाहत उभा असतो, आणि भोवतालची तरुण मुले त्याच्या तोंडाकडे पाहत असतात. तो तोफ डागण्याचा हुकूम देतो, तेव्हा हाताखालच्यांना तो खरोखरच खरा वाटत नाही. त्या वेळी तो जे म्हणाला, ते आज नॉर्वेतील शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्याचा आशय असा की, याबद्दल एक तर मला पदक मिळेल, नाही तर माझ्यावर लष्करी न्यायालयात खटला चालेल, डागा!

पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी मोझेस आणि आरन या तोफा गरजल्या. अंतर दोन किलोमीटरांच्या आतले. दोन्ही गोळे लागले. समोरचे जहाज होते ‘ब्ल्यूखर’, जर्मन आरमारातील अगदी नवी, दोनशे मीटरांहून लांब अशी युद्धनौका. तिच्यावर ओस्लो शहर ताब्यात घेण्यासाठी निघालेले सैन्य आणि अधिकारी होते. जहाज पेटले, पण पुढे सरकतच राहिले. तेव्हा त्या निवृत्त आन्देर्सेनने कातळाच्या पोटातून जुने पाणतीर सोडले, आणि त्यांपैकी दोन जहाजास लागले. जळत्या जहाजावरून जर्मन राष्ट्रगीताचे स्वर ऐकू आले, तेव्हा आपण कोणावर तोफ डागली हे किल्ल्यातील लोकांस निश्चित कळले. सुमारे दोन तासांत ‘ब्ल्यूखर’ तळाशी गेली. ती आजही तेथेच आहे. १९९४ साली तिच्या पोटातील पुष्कळसे तेल बाहेर काढण्यात आले.

एका म्हाताऱ्याने दोन म्हाताऱ्या तोफांनी एवढे केले, म्हणून काल आपल्या तरुण मंडळींनी टाळ्या वाजविल्या. त्या अस्थानी होत्या असे मी म्हणणार नाही. परंतु त्या थंडगार पाण्यावर पसरलेल्या जळत्या तेलातून पोहणारी शेकडो जर्मन मुले त्या पहाटे मेली, हेही आपण विसरू नये. तीही कोणाच्या तरी घरची, विशी-पंचविशीची मुले होती, आणि त्यांना तेथे आणणारा हुकूम त्यांचा नव्हता. ज्याने तोफ डागली त्याला हे दिसत नव्हते असे कोणी समजू नये. कठीण निर्णय हा शब्द आपण सहज वापरतो. ज्याची किंमत दुसऱ्याच्या लेकरांनी मोजावयाची आहे, आणि तरीही जो टाळता येत नाही, तो खरा कठीण निर्णय.

या निर्णयाने काय साधले? बाकीची जर्मन जहाजे मागे वळली. विमानांतून उतरलेल्या सैन्याने ओस्लो त्याच दिवशी घेतले हे खरे. परंतु मधले काही तास मिळाले. त्या तासांत राजा, राजपुत्र, मंत्रिमंडळ आणि लोकप्रतिनिधी सकाळच्या खास गाडीने शहराबाहेर पडले. राष्ट्रीय बँकेतील सुमारे ५० टन सोनेही सुखरूप हलविण्यात आले. जर्मनांची कल्पना होती की, सूर्योदयाबरोबर राजा आणि सरकार हाती लागेल आणि सर्व प्रकरण कागदावर मिटेल. ते घडले नाही. उलट त्याच वेळी नॉर्वेच्या सरकारने सैन्यभरतीचा जो हुकूम काढला, तो टपालाने पाठवावयाचा ठरला! शत्रू खाडीत शिरला आहे आणि हुकूम टपालपेटीत पडला आहे, याचे हसू यावे की रडू, हे ज्याने त्याने ठरवावे. ज्यांनी सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत त्यांना मात्र नवल वाटू नये.

चित्रपटाचा उत्तरार्ध राजा हाकोन सातवे यांचा आहे. येस्पर क्रिस्टेन्सन या डॅनिश नटाने ही भूमिका मोठ्या संयमाने केली आहे, आणि ते योग्यच, कारण राजा हाकोन हेही मूळचे डेन्मार्कचे राजपुत्र. १९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळे झाले, तेव्हा त्यांना सिंहासनाचे आमंत्रण आले. प्रजेची इच्छा काय आहे हे मतदानाने कळल्यावाचून मी येणार नाही, असे त्यांनी सांगितले, आणि कौल मिळाल्यावरच ते आले. १० एप्रिल १९४० रोजी एल्वेरुम या गावी जर्मन वकील ब्रॉयर त्यांना भेटला. मागणी एकच: आदल्या संध्याकाळी रेडिओवरून स्वतःच स्वतःला पंतप्रधान म्हणून जाहीर करणाऱ्या क्विस्लिंगला राजाने मान्यता द्यावी. राजाने न्यूबर्गसुंड येथे मंत्र्यांना सांगितले की, निर्णय तुम्ही घ्यावयाचा आहे. परंतु ज्याच्यावर ना प्रजेचा विश्वास ना लोकसभेचा, अशाला मी नेमू शकत नाही. तुम्हाला मागणी मान्य करावीशी वाटली तर मी सिंहासन सोडीन. मंत्रिमंडळ राजाच्या बाजूने उभे राहिले. दुसऱ्याच दिवशी त्या गावावर बाँब पडले आणि राजाला बर्फातून रानात आश्रय घ्यावा लागला. ७ जून रोजी त्यांनी देश सोडला, आणि पाच वर्षांनी, १९४५ साली, त्याच ७ जून या तारखेस ते मायदेशी परतले.

राजाच्या नकाराची कथा मोठी आहे. परंतु तो नकार देण्यासाठी राजा मोकळा राहिला पाहिजे होता. आणि तो मोकळा राहिला तो त्या पहाटे एका कर्नलने हुकुमाची वाट पाहिली नाही म्हणून.

आता एक प्रश्न स्वाभाविक आहे, आणि तो आज सकाळी आपल्यातील एका वकीलबंधूंनी मला विचारलाही. प्रत्येक हाताखालचा माणूस जर स्वतःच्या मताने तोफा डागू लागला, तर शिस्त कोठे राहिली? राज्य चालेल कसे? प्रश्न रास्त आहे. नियम मोडला म्हणजे पराक्रम झाला, असा अर्थ कोणी काढील तर तो या माणसावर अन्याय होईल. वस्तुतः एरिक्सनने नियमाचा हेतू सांभाळला. इशारा द्यावा असा नियम कशासाठी? चुकून आलेल्या, निरपराध जहाजास परत फिरण्याची संधी मिळावी म्हणून. ती संधी बाहेरच्या किल्ल्यांनी दिली होती, आणि ती घेतली गेली नव्हती. शिवाय निर्णयाच्या क्षणापूर्वीच त्याने तयारी केली होती. माणसे वाटून दिली होती आणि निवृत्त सहकाऱ्यास झोपेतून उठवून आणले होते. जो हातपाय न हलविता बसून राहतो आणि ऐन वेळी आंधळेपणाने काही करून टाकतो, त्याचे धाडस निराळे आणि याचे निराळे. आणि तिसरी गोष्ट ही की, परिणामाची जबाबदारी त्याने आधीच आपल्या नावावर लिहून दिली. खटला चालला तर तो माझ्यावर चालेल, असे तो म्हणाला; तोफेवरच्या पोराचे नाव त्याने घेतले नाही.

चित्रपटात ज्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, असा एक भाग मला येथे सांगितला पाहिजे. ९ एप्रिलचा सारा दिवस जर्मन विमानांनी ओस्कार्सबोर्गवर बाँब टाकले. खाली सैन्य उतरले आणि ड्रोबाक गाव शत्रूच्या ताब्यात गेले. १० एप्रिलच्या सकाळी याच एरिक्सनने किल्ला शत्रूच्या स्वाधीन केला. आदल्या पहाटेचा वीर दुसऱ्या दिवशी शरण गेला! शरणागती फार लवकर पत्करली, असा आक्षेप पुढे त्याच्यावर घेतला गेला. परंतु हिशेब पाहावा. ज्या कामासाठी किल्ला होता ते काम झाले होते. राजा निसटला होता. हाताशी होती ती आठवड्याची भरती झालेली मुले. त्या किल्ल्यातील एकही नॉर्वेजियन सैनिक त्या लढाईत मेला नाही. पहिल्या निर्णयाने त्याला कीर्ती मिळाली. दुसऱ्या निर्णयाने तिला डाग लागण्याचा संभव होता, आणि तरीही तो त्याने घेतला. नॉर्वेने त्याला तलवारीसह युद्धक्रॉस हे आपले सर्वोच्च शौर्यपदक दिले. तो १९५८ साली वारला. मला विचाराल तर ते पदक त्या दोन्ही सकाळींचे आहे.

आता माझी झोप का उडाली ते सांगतो, आणि आपली रजा घेतो.

पुष्कळ वर्षांपूर्वी मी एका लहान धरणावर शाखा अभियंता होतो. धरणाचे व गावाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही. श्रावणातील रात्र होती. पाणलोट क्षेत्रात दुपारपासून पाऊस कोसळत होता. दारे किती उघडावयाची याचा हुकूम वरच्या कचेरीतून यावा असा नियम होता, आणि संध्याकाळपासून टेलिफोन मुका झाला होता. मी जीपगाडी पाठविली. मोजपट्टीवर पाणी चढताना मला कंदिलाच्या उजेडात दिसत होते. आताच दारे थोडी थोडी उघडली, तर नदीकाठच्या वस्तीला हळूहळू पाणी येईल आणि लोक सावध होतील, हेही मला कळत होते. परंतु हुकूम नव्हता. मी वाट पाहिली. दोन-अडीच तासांनी जीप हुकूम घेऊन परतली, तोपर्यंत सगळी दारे एकदम उघडण्यावाचून गत्यंतर उरले नव्हते. माणसे वाचली, ती परमेश्वराची कृपा. गोठ्यांत दावणीला बांधलेली जनावरे गेली आणि कणग्यांतील धान्य भिजले.

चौकशी झाली. मी नियमाप्रमाणे वागलो होतो. माझ्यावर कसलाही ठपका आला नाही. तसा कागदही मला मिळाला, आणि तो आजही माझ्या ट्रंकेत आहे. परंतु दुसऱ्या दिवशी पंचनाम्यास गेलो असता, ज्याचे दोन बैल गेले होते तो एक वृद्ध शेतकरी माझ्यापाशी आला. तो रागावला नाही, की रडला नाही. एवढेच म्हणाला, “सायेब, पानी तर तुमाला दिसत हुतं न्हवं?”

मी त्याला उत्तर देऊ शकलो नाही. हुकूम नव्हता, हे उत्तर चौकशी अधिकाऱ्यापुढे चालले. त्या माणसापुढे ते माझ्या ओठांबाहेर आले नाही. काल पडद्यावर तो म्हातारा कर्नल काळोखात पाण्याकडे पाहत उभा राहिला, तेव्हा मला माझा कंदील आणि ती मोजपट्टी आठवली. त्यालाही पाणीच दिसत होते आणि मलाही. त्याने खटल्याची तयारी ठेवली, आणि मी निर्दोष ठरण्याची.

ही गोष्ट मी आजवर घरीदेखील बोललो नव्हतो. आज बोललो याचे कारण, समोर आपल्या समाजातील पुष्कळ तरुण मुलेमुली बसली आहेत. त्यांतील कोणी उद्या रुग्णालयात, कोणी बँकेत, कोणी शाळेत तर कोणी सैन्यात अधिकाराच्या जागी बसतील. नियम पाळा, वडिलांचा व वरिष्ठांचा मान राखा, हे मी तुम्हाला सांगेनच. माझ्या वयाच्या माणसाने दुसरे काय सांगावे? परंतु नियम कशासाठी केला आहे हे ज्या दिवशी तो हाती येईल त्याच दिवशी समजून घ्या, कारण टेलिफोन मुका झाल्यावर ते विचारावयास कोणी भेटत नाही. आणि पाणी चढताना दिसत असेल, तर जे कराल ते स्वतःच्या नावावर करा.